गुडघा बदलला, जखम पाझरली... पुढे काय?

खास प्रतिनिधी, वसई

कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळच्या तळ्याकाठी यात्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधिमंदिरात दर्शन घ्यायचे, दुकानांच्या रांगांतून हिंडायचे, सुकेळी घेऊन घरी परतायचे हा वसईच्या पश्चिम पट्ट्यातील पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. गास, भुईगाव, वाघोली, उमराळे अशा गावांतून हिंदूंच्या बरोबरीने ख्रिस्ती कुटुंबेही यात्रेला येतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या गर्दीत एक बदल झाला आहे. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमध्ये उकिडवे बसून ज्यांनी आयुष्य काढले, ज्या एरवी सत्तरीत ओटीवरच बसून राहिल्या असत्या, अशा कितीतरी वृद्धा आता यात्रेत स्वत:च्या पायांनी चालताना दिसतात. त्यांच्या गुडघ्यांत धातू आणि प्लास्टिकचे सांधे बसवलेले आहेत.

सांधारोपणाची शस्त्रक्रिया महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलण्यात आला. अमेरिकेहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी या शस्त्रक्रिया केल्या. तोवर श्रीमंतांचा उपचार समजली जाणारी ही शस्त्रक्रिया पुढील दशकभरात मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. बोरिवलीपासून विरारपर्यंतच्या रेल्वे स्थानकांबाहेर तिच्या जाहिरातींचे फलक झळकू लागले. आज देशात दरवर्षी होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांची संख्या लाखांच्या घरात आहे आणि त्यातील बहुसंख्य यशस्वी होतात, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पुढील मजकूर वाचून कोणी ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करू नये.

मात्र शंभरातील एक ते दोन रुग्णांच्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होतो. प्रमाण थोडे वाटते, परंतु लाखांच्या हिशेबात ते हजारोंवर जाते. या रुग्णांची वाट वेगळी असते आणि त्या वाटेवरचा निर्णायक टप्पा बहुतेक वेळा मुंबईतील मोठ्या रुग्णालयात येत नाही. तो येतो घराजवळच्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.

एका मावशींची गोष्ट

प्रस्तुत प्रतिनिधीच्या नात्यातील एका मावशींचे उदाहरण येथे देणे उचित ठरेल. त्या निर्मळ परिसरातच राहतात. वय अडुसष्ट, मधुमेह, गुडघा मुंबईच्या उपनगरातील एका रुग्णालयात बदललेला. पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. अकराव्या दिवशी ड्रेसिंग ओले दिसले. पू नव्हता, तापही नव्हता. फक्त पाणी पाझरत होते. आता एवढ्यासाठी रिक्षा करून नालासोपारा स्थानक गाठायचे आणि टाके ओले असताना विरार लोकलमध्ये चढायचे? घरच्यांनी जवळच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी जखम साफ केली, पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. जखम सुकली. गोळ्या संपल्या. दहा दिवसांनी ती पुन्हा पाझरू लागली. या वेळी अधिक ‘पॉवरच्या’ गोळ्या आल्या. हा प्रकार सुमारे तीन महिने चालला. अखेर गुडघ्यालगत एक छिद्र पडून त्यातून पू येऊ लागला, तेव्हा त्यांना मूळ रुग्णालयात नेण्यात आले. तेथे सांध्यातील पाणी काढून तपासले तर अहवाल आला, ‘जीवाणू आढळले नाहीत’. समोर पू दिसत असताना!

यात कोणाचा हलगर्जीपणा झाला असे म्हणणे सोपे आहे. वस्तुत: डॉक्टरांनी जे केले ते साध्या जखमेच्या बाबतीत योग्यच ठरले असते. घरच्यांनीही काही लपवले नाही. घोळ होता तो एवढाच, की ही जखम साधी नव्हती. तिच्याखाली धातू होता आणि त्यामुळे जीवाणूंच्या वागण्याचे सगळे नियम बदललेले होते.

१९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. निरोगी त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकोकस जातीचे लाखो जीवाणू टोचावे लागत. पण त्याच जागी रेशमी टाक्याचा धागा असेल तर अवघ्या काहीशे जीवाणूंनी काम भागत असे. शरीरात परकी वस्तू असली की संसर्गाला किती थोडे भांडवल पुरते, हे त्यातून दिसले. तो एक धागा होता. गुडघ्यातील सांध्याचा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि त्याला रक्तपुरवठा नसतो. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे हाडात किंवा स्नायूत पोचतात तशा पोचू शकत नाहीत.

निर्मळच्या तळ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात जसा बुळबुळीत थर धरतो, तसा थर हे जीवाणू धातूवर धरतात. वैद्यकीय भाषेत त्याला बायोफिल्म म्हणतात. पहिल्या काही दिवसांत हा थर कोवळा असतो, धुऊन-खरवडून काढता येतो. काही आठवड्यांत तो पक्का होतो. आतील जीवाणू जवळजवळ झोपी जातात, वाढ थांबवतात. बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जीवाणूंवरच काम करतात. त्यामुळे मोकळ्या जीवाणूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, क्वचित हजारपट मात्रा या थरापुढे निष्प्रभ ठरते. गोळ्या घेतल्यावर थराबाहेर आलेले जीवाणू मरतात, ताप उतरतो, जखम सुकते. गोळ्या संपल्या की थरातून नवी फौज बाहेर पडते. मावशींच्या गुडघ्यात हेच घडत होते.

गोळीआधी सुई

यातून उपचाराचे जे पहिले तत्त्व निघते ते ऐकायला विचित्र वाटते. बदललेल्या सांध्यावर संशय असेल आणि रुग्ण अत्यवस्थ नसेल, तर प्रतिजैविक सुरू करण्याची घाई करू नये. आधी निर्जंतुक पद्धतीने सांध्यातील पाणी काढावे, त्यातील पेशी मोजाव्यात, कल्चर लावावे आणि मगच औषध द्यावे. गोळ्या आधीच सुरू झाल्या असतील तर शक्य तेथे दोन आठवडे त्या थांबवून नमुना घेतला जातो. मावशींचा अहवाल कोरा आला त्याचे कारण हेच होते. गोळ्यांनी आजार बरा झाला नव्हता. आजाराचे नाव मात्र पुसले गेले होते. जीवाणूचे नाव ठाऊक नसेल तर पुढील तीन महिन्यांचे औषध अंदाजाने निवडावे लागते.

ही सुई दवाखान्यातील टेबलावर, वरवरच्या जखमेतून घालायची नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तसे केल्यास बाहेरचे जीवाणू आत ढकलले जाण्याचा धोका असतो. पाझरणाऱ्या जखमेवरून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यालाही फारसा अर्थ नसतो. त्यात त्वचेवरचे जीवाणू सापडतात आणि भलत्याच जीवाणूविरुद्ध औषध सुरू होते. शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्याच्या निरनिराळ्या भागांतून साधारण पाच नमुने घ्यावेत आणि त्यांपैकी किमान दोनांत एकच जीवाणू सापडल्यास त्यावर भरवसा ठेवावा, अशी आता सर्वसाधारण पद्धत आहे. लघवीच्या कल्चरचा अहवाल दोन-तीन दिवसांत मिळतो. येथे मात्र काही आळशी जीवाणू उगवायला चौदा दिवस लागतात. प्रयोगशाळेला तशी स्पष्ट सूचना दिली नाही तर नमुना त्याआधीच टाकून दिला जाण्याचा संभव असतो.

रक्तातील सीआरपी आणि ईएसआर या तपासण्या वसई-विरारमधील कोणत्याही प्रयोगशाळेत होतात. त्या उपयुक्त आहेत, पण त्यांनी निदान होत नाही. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी आपोआपच वाढते आणि दोन-तीन दिवसांनंतर उतरू लागते. ती उतरून पुन्हा चढली तर मात्र धोक्याची खूण समजावी. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची, असे सांध्यांचे सर्जन सांगतात ते याच अर्थाने.

तीन मार्ग

संसर्ग सिद्ध झाल्यावर मार्ग तीन आहेत आणि त्यातील निवड प्रामुख्याने किती दिवस गेले यावर अवलंबून असते.

पहिला मार्ग सांधा न काढता वाचवण्याचा. गुडघा पुन्हा उघडायचा, खराब झालेले मांस काढायचे, कित्येक लिटर द्रवाने सांधा धुवायचा, धातूंमधील प्लास्टिकचा सुटा भाग बदलायचा आणि मग आठवडेच्या आठवडे औषध द्यायचे. मूळ शस्त्रक्रियेला साधारण महिना उलटलेला नसेल किंवा लक्षणे सुरू होऊन तीन आठवड्यांहून कमी काळ झाला असेल, तरच या मार्गाचा विचार करावा, असे अमेरिकेतील संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले. शिवाय सांधा हाडात घट्ट बसलेला हवा आणि त्वचेला छिद्र पडलेले नसावे. अकराव्या दिवशी ओले झालेले ड्रेसिंग या मुदतीत अगदी आरामात बसत होते. तीन महिन्यांनी पडलेले छिद्र बसत नव्हते.

दुसरा मार्ग सांधा काढून त्याच शस्त्रक्रियेत नवा बसवण्याचा. त्याची सुरुवात जर्मनीत हॅम्बुर्गला झाली. तेथील डॉ. बुखहोल्झ यांनी हाडाला सांधा चिकटवण्याच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळण्याची कल्पना १९७० च्या सुमारास अमलात आणली. सिमेंटमधून औषध हळूहळू झिरपते आणि रक्तावाटे जी मात्रा देणे शक्य नाही ती नेमकी जागेवर मिळते.

तिसरा मार्ग दोन टप्प्यांचा, आणि आपल्याकडे प्रामुख्याने तोच रूढ आहे. पहिल्या टप्प्यात सांधा आणि जुने सिमेंट काढून त्या पोकळीत प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, म्हणजे स्पेसर, बसवतात. काही आठवडे, कधी काही महिने थांबतात. संसर्ग गेल्याची खात्री पटल्यावर दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा बसवतात. या मधल्या काळाविषयी वैद्यकीय पुस्तकांत थोडे लिहिलेले असते. मावशींनी तो काळ आतल्या खोलीत काढला. गुडघा वाकत नव्हता, वॉकरशिवाय उठता येत नव्हते, आणि वाडीकडील मोरीपर्यंतच्या दोन पायऱ्या हा घरातील सर्वांत मोठा अडथळा होऊन बसला. वजन कमी झाले, साखर वाढली. ‘एवढे सोसायचे होते तर जुना गुडघा काय वाईट होता,’ हे त्यांचे वाक्य घरात आजही अधूनमधून निघते.

दोन टप्प्यांची खरोखर गरज असते का, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा आहे. ब्रिटन आणि स्वीडनमधील रुग्णालयांत १४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केले. खुब्याच्या संसर्गात एका टप्प्यात आणि दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वेदना आणि हालचाल यांत दीड वर्षानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. एका टप्प्यातील रुग्ण मात्र लवकर सावरले. ही चाचणी खुब्यापुरती होती, गुडघ्याला ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. शिवाय एका टप्प्यासाठी जीवाणूचे नाव आणि त्याच्यावर चालणारे औषध आधीच ठाऊक असणे इष्ट मानले जाते. म्हणजे पुन्हा प्रश्न येऊन थांबतो तो आधी घेतलेल्या गोळ्यांवर.

हे सर्व फसले तर गुडघा कायमचा ताठ जोडून टाकणे, खुब्यात सांध्याविनाच राहणे किंवा क्वचित पाय काढणे, असे पर्याय उरतात. सांध्याचा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत साधारण चार-पाचामागे एक जण दगावतो, असे परदेशातील अभ्यासांत आढळले आहे. यातील अनेक रुग्ण मुळात वयस्क आणि व्याधिग्रस्त असतात, हे खरे. तरीही काही कर्करोगांच्या पंक्तीला बसणारा हा आकडा ‘गुडघ्याचे दुखणे’ या शब्दांत मावत नाही.

क्षयाची गोळी गुडघ्यासाठी

औषधांच्या बाजूने पाहिले तर या आजारातील सर्वांत महत्त्वाची गोळी भारतीय वाचकाला आधीच परिचित आहे. रिफाम्पिसिन. क्षयरोगाच्या उपचारात लघवी नारिंगी करणारे हेच ते औषध. बायोफिल्ममधील झोपलेल्या स्टॅफिलोकोकसपर्यंत पोचणाऱ्या मोजक्या औषधांत त्याची गणना होते. स्वित्झर्लंडमधील डॉ. झिमर्ली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीत, सांधा जागेवर ठेवून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जोडीने रिफाम्पिसिन पूर्ण काळ घेतलेल्या रुग्णांचा संसर्ग बरा झाला. तेव्हापासून ही जोडी जगभर वापरली जाते.

मात्र भारतात या गोळीला हात लावताना दोनदा विचार करावा लागतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. सांध्याचा संसर्ग प्रत्यक्षात क्षयाचाच असेल आणि डॉक्टरांनी तो साधा समजून रिफाम्पिसिन व आणखी एखादे औषध दिले, तर क्षयाचे जंतू रिफाम्पिसिनला दाद देईनासे होण्याची भीती असते. जानेवारी २०१२ मध्ये हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी सर्व उपलब्ध औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर मांडले, ते मुंबईतीलच होते. त्यामुळे सांध्यातील नमुना क्षयासाठीही तपासणे आपल्याकडे ऐच्छिक असू शकत नाही. रिफाम्पिसिन एकट्याने कधीही द्यायचे नसते. पाझरणारी जखम सुकल्यावरच ते सुरू करतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणामही ते कमी करते. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत रिफाम्पिसिनसह क्षयाची औषधे आणि अनेक प्रभावी प्रतिजैविके टाकण्यात आली. त्यानुसार औषधविक्रेत्याने चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दिल्याची नोंद ठेवायची आहे. या नियमाचे पालन कसे होते, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण जीवाणूंच्या बदलत्या स्वभावाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातील रुग्णालयांत आढळणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक नमुने मेथिसिलिनला दाद न देणारे, म्हणजे ‘एमआरएसए’, असल्याचे अलीकडच्या अहवालांत दिसते. शिवाय आपल्याकडे आतड्यात आणि पाण्यात आढळणाऱ्या जीवाणूंमुळे होणारा सांध्याचा संसर्गही पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत अधिक दिसतो. त्यांच्यावर रिफाम्पिसिनचा उपयोग नाही. म्हणून युरोपातील औषधयोजना येथे डोळे मिटून उतरवता येत नाही.

औषध किती दिवस आणि कोणत्या मार्गाने द्यायचे, याविषयी गेल्या काही वर्षांत दोन चांगल्या चाचण्या झाल्या. हाडे आणि सांध्यांच्या संसर्गात सहा आठवडे शिरेतूनच औषध दिले पाहिजे, ही जुनी समजूत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील १,०५४ रुग्णांच्या चाचणीने ढासळली. योग्य निवडलेल्या तोंडी गोळ्या तितक्याच परिणामकारक ठरल्या. निर्मळसारख्या ठिकाणी या निष्कर्षाचा अर्थ फार मोठा आहे, कारण सलाईनसाठी सहा आठवडे रुग्णालयात राहणे किंवा रोज परिचारिकेला घरी बोलावणे बहुतेकांना परवडत नाही. दुसरी चाचणी फ्रान्समधील. सहा आठवड्यांचा उपचार बारा आठवड्यांइतकाच चालतो का, हे त्यात तपासले गेले. सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी १८.१ टक्के, तर बारा आठवडे घेतलेल्यांपैकी ९.४ टक्के रुग्णांचा संसर्ग कायम राहिला किंवा उलटला. म्हणजे गोळ्या चालतील, पण त्या नेमक्या हव्यात आणि पुरेशा काळ हव्यात. मावशींना मिळालेल्या पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दोन्ही कसोट्यांना उतरत नव्हत्या.

जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफेजचा, उपचार हल्ली इंटरनेटवर वाचून अनेक कुटुंबे विचारतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, असे आग्र्याच्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदवले होते, त्या निरीक्षणाचा संबंध पुढे या विषाणूंशी जोडला गेला. फ्रान्समधील काही रुग्णालयांत सांध्यांच्या हट्टी संसर्गात त्यांचा वापर मर्यादित प्रमाणात झाला आहे. नेहमीचा उपचार म्हणून तो अद्याप उभा राहिलेला नाही.

टाळता येण्याजोगे

प्रतिबंधाविषयी बरेच लिहिले गेले आहे. मधुमेह आटोक्यात आणणे, कीड लागलेले दात आणि पायांच्या भेगा शस्त्रक्रियेआधी बऱ्या करणे, तंबाखू सोडणे, आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने पाय न भादरणे, चिरा देण्याच्या तासभर आधी प्रतिजैविकाची मात्रा मिळणे, एवढ्याने बराच धोका कमी होतो. काही त्रास नसताना केवळ लघवीच्या अहवालात जीवाणू दिसले म्हणून औषध घेतल्याने सांध्याचा संसर्ग टळतो, याला पुरावा नाही.

येथे त्या स्थानकांबाहेरच्या फलकांकडे पुन्हा वळावेसे वाटते. ‘लॅमिनार फ्लो ऑपरेशन थिएटर’ ही अक्षरे त्यांवर ठळक असतात. खुब्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक सर जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये शुद्ध हवेची बंदिस्त शस्त्रक्रियागृहे उभारून संसर्गाचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून एक टक्क्याखाली आणले, हा इतिहास आहे. मात्र तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक देण्याची आजची पद्धत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, सांधारोपणात संसर्ग टाळण्यासाठी लॅमिनार हवेची यंत्रणा वापरू नये, अशी सशर्त शिफारस केली. शस्त्रक्रिया संपल्यानंतर प्रतिबंधक प्रतिजैविके लांबवू नयेत, अशी ठाम शिफारसही त्याच दस्तऐवजात आहे. आपल्याकडे आजही अनेक रुग्णांना घरी जाताना पाच-सात दिवसांच्या गोळ्यांची पाकिटे दिली जातात. फलकावर न दिसणारी एक गोष्ट मात्र रुग्णाने जरूर विचारावी : जखम ओली झाली तर रात्री कोणाला फोन करायचा?

पहिल्या गुडघ्याची किंमत ठरली, दुसऱ्याचे काय?

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सरासरी दीड लाखांच्या पुढे छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. या निर्णयाचे स्वागत झाले आणि ते रास्तच होते. त्याच आदेशात पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्याची कमाल किंमत १,१३,९५० रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक, ठरवण्यात आली. हा सांधा अधिक गुंतागुंतीचा असतो, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. पण संसर्ग झालेल्या रुग्णाच्या खर्चात सांधा हा केवळ एक आकडा असतो. दोन शस्त्रक्रिया, दोनदा भूल, स्पेसर, महागडी प्रतिजैविके, महिनोन्‌महिने तपासण्या आणि सोबत राहणाऱ्या मुलाची बुडालेली रोजी यांवर कोणतीही मर्यादा नाही. शस्त्रक्रियेचे ‘पॅकेज’ जाहीर करणाऱ्या रुग्णालयांपैकी संसर्ग झाल्यास पहिल्या काही आठवड्यांतील धुलाई त्याच पॅकेजमध्ये करून देऊ, असे लेखी सांगणारी किती आहेत, हे रुग्णांनी विचारून पाहावे. खर्चाच्या भीतीने ओले ड्रेसिंग लपवले जाते, आणि त्या लपवण्यात नेमके तेच तीन आठवडे जातात.

याहून मोठी उणीव मोजणीची आहे. स्वीडनने गुडघ्यांची नोंदणी १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती २००३ मध्ये आली. कोणत्या सर्जनच्या, कोणत्या रुग्णालयातील, कोणत्या सांध्याची पुनर्शस्त्रक्रिया कधी आणि का करावी लागली, हे तेथे कळते. भारतात खुबा व गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेने २००६ मध्ये नोंदणी सुरू केली, ती ऐच्छिक आहे. सर्व रुग्णालयांवर बंधनकारक अशी राष्ट्रीय नोंदणी आपल्याकडे नाही. तिच्या अभावाची किंमत एकदा मोजून झाली आहे. ऑगस्ट २०१० मध्ये डीप्यू कंपनीने आपला ‘एएसआर’ हा खुब्याचा सांधा जगभरातून मागे घेतला. त्या प्रकरणाचा जंतुसंसर्गाशी संबंध नव्हता, धातूच्या कणांचा होता. परंतु भारतात झालेल्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी साधारण ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नसल्याचे केंद्राच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालातून २०१८ मध्ये समोर आले. सदोष म्हणून जाहीर झालेल्या सांध्याचे रुग्ण जिथे सापडत नाहीत, तिथे वसईतील एखाद्या वाडीत तीन महिने पाझरत राहिलेल्या गुडघ्याची नोंद कोण घेणार? वर्षाला किती सांधे संसर्गाने काढावे लागतात, हा आकडा पालघर जिल्ह्याजवळ नाही आणि वसई-विरार महापालिकेजवळही नाही. २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या शहरात ज्येष्ठांची संख्या वाढते आहे, म्हणजे बदललेले गुडघेही वाढणार आहेत.

बंधनकारक नोंदणीला काही वर्षे लागतील. तोवर करता येण्याजोगी गोष्ट अगदी साधी आहे आणि तिला कायदाही लागत नाही. रुग्णालयातून घरी पाठवताना मराठीत एक पानाची चिठ्ठी द्यावी, आणि ती रुग्णासाठी नव्हे तर त्याच्या घराजवळच्या डॉक्टरांसाठी लिहिलेली असावी. या रुग्णाच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. शस्त्रक्रियेची तारीख अमुक. जखम पाचव्या-सातव्या दिवसानंतर पाझरत राहिली, सांधा अचानक लाल-गरम झाला किंवा वर्षानुवर्षे ठीक असलेला सांधा तापासोबत दुखू लागला, तर कृपया प्रतिजैविक सुरू न करता या क्रमांकावर त्याच दिवशी संपर्क साधावा. रुग्ण अत्यवस्थ असेल, थंडी वाजून ताप भरला असेल किंवा रक्तदाब उतरला असेल, तर मात्र वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात हलवावे. चिठ्ठीला सांध्याच्या खोक्यावरील स्टिकर जोडावे, म्हणजे पुढे सांधा काढण्याची वेळ आलीच तर कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा आहे हे शोधण्यात दिवस जाणार नाहीत.

मावशींच्या फाईलमध्ये हे स्टिकर होते. बिलांच्या गठ्ठ्यात, सर्वांत तळाशी. नव्या सांध्याला आता दोन वर्षे झाली असून सीआरपी सामान्य आहे. गेल्या कार्तिकात त्या यात्रेला गेल्या होत्या. तळ्यापर्यंत रिक्षाने आणि तेथून पुढे काठी घेऊन.